एकाच बाजूची चूक

वेरिबीत आमच्या घरामागून ओढ्याकाठी जी पायवाट जाते, तिच्या तोंडाशी गेल्या आठवड्यात कौन्सिलनं पुन्हा ती पिवळी पाटी लावली. वर झेपावणारा काळा पक्षी आणि खाली डोक्यावर हात धरून पळणारा माणूस. मॅगपायचा सीझन सुरू झाला. घरट्यात अंडी आली की हा पक्षी आपल्या झाडाखालून जाणाऱ्या प्रत्येकाला चोर समजतो आणि मागून येऊन टाळूवर चोच मारतो. समोरून सहसा येत नाही. म्हणून इथली माणसं या दिवसांत गॉगल उलटा, डोक्याच्या मागच्या बाजूला लावून फिरतात. पक्ष्याला वाटतं, हा आपल्याकडेच बघतोय. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. आता मीही लावते.

मी मुळातच भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण आईनं माझ्यासाठीच राखून ठेवली होती. लहानपणी पालीची भीती, कॉलेजात तोंडी परीक्षेची, इथं आल्यावर इमिग्रेशनच्या ईमेलची. या सगळ्या भित्या येतात नि जातात. वसंतातली भीती मात्र दर वर्षी नेमानं परत येते. वॉटलची झाडं पिवळीधमक फुलली, त्यांचा तो पावडरीसारखा गोडसर वास खिडकीतून आला, की माझ्या मानेवर काटा उभा राहतो. शेजारपाजारचे लोक या वासानं खूश होऊन खिडक्या उघडतात. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे ना, ते बघून येते.

यंदा या दिवसांत बाबा इथं आहेत. आई ताईकडे आणि बाबा माझ्याकडे, अशी तीन महिन्यांची वाटणी झालीय. बाबांनी चिंचवडच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं इन्स्पेक्शनचं काम केलं. तयार झालेला सुटा भाग मोजायचा, ठीक असेल तर पुढे, नसेल तर लाल रंगाच्या पेटीत. निवृत्त झाले तरी डोळे तेच आहेत. आल्या आल्या त्यांनी माझ्या घराच्या दाराची चौकट एका बाजूला तीन मिलीमीटर उतरल्याचं सांगितलं. आम्ही रोज सकाळी पायवाटेनं फिरायला जातो. त्यांनी क्रिकेटच्या पंचासारखी टोपी घातलेली असते आणि टोपीच्या मागे माझा जुना गॉगल.

काल फिरताना ते एकदम थांबले. खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरत म्हणाले, "अनू, तुला एक विचारायचं होतं. हे परदेशी चलनाचं आहे. पाचशेपट देतात म्हणे. आमच्या वॉकिंग ग्रुपमधले बरेच जण करतायत."

पडद्यावर हिरव्या-लाल कांड्या वरखाली होत होत्या. तळाशी बारीक अक्षरात कंपनीचा पत्ता होता, कुठल्याशा बेटावरचा. त्याच क्षणी वॉटलचा वास आला की तो आधीपासूनच होता, सांगता येत नाही. मी म्हटलं, उद्या बघू बाबा, आता मला मीटिंग आहे. मीटिंग नव्हती. घरी येऊन मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

मला आठवलं ते वर्ष सिडनीजवळच्या वॉलॉंगॉंगचं, मी शिकायला आले तेव्हाचं. साथीनंतर सीमा उघडल्या आणि दोन वर्षं तुंबलेले विद्यार्थी एकदम या देशात आले. त्या लोंढ्यात मीही होते. घरं मिळेनात. टेकडीच्या उतारावरच्या एका जुन्या घरात आम्ही सात जण राहायचो. बैठकीच्या खोलीला पडदा लावून तिच्या दोन खोल्या केल्या होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबवर पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्याची वाफ दिसायची. बाबांना व्हिडिओ कॉलवर मी ती वाफ दाखवायची, तर ते डोळे बारीक करून कुठली भट्टी असेल याचा अंदाज बांधायचे.

त्या घराचा एक रिवाज होता. कुणाच्या तरी कार्डावर सवलत असायची, कुणाच्या कार्डाला पॉइंट मिळायचे, कुणाची बँक फी कापायची नाही. मग भाजी, वीज, सिडनीच्या ट्रेनचा टॉप-अप, ज्याचं कार्ड सोयीचं त्याच्या कार्डावरून सगळ्यांचं व्हायचं आणि बाकीचे त्याच्या खात्यात पैसे टाकायचे. बऱ्याचदा ते कार्ड दीपालीचं असायचं. दीपाली नाशिकची, नर्स. मास्टर्स करता करता वृद्धाश्रमात शिफ्ट करायची आणि तिच्या पीआरचे, म्हणजे इथं कायमचं राहण्याच्या परवान्याचे कागद गेलेले होते. ती कामावर असली तर आम्ही तिला मेसेज करायचो आणि ती आजींना औषध देता देता फोनवर आलेला कोड आम्हाला पाठवून द्यायची. कशासाठी, असं तिनं कधी विचारलं नाही. एका ताटात जेवणाऱ्यांनी विचारायचं तरी काय.

दुसरा रिवाज आमच्या घरचा, चिंचवडचा. रविवारच्या फोनची सुरुवात "जेवलीस का" नं व्हायची नाही, "आज डॉलर कितीला आहे" नं व्हायची. माझी फी भरायची म्हणून बाबा रोज सकाळी दराचा तक्ता वहीत उतरवायचे. रुपया घसरला की त्यांचा आवाज बसायचा. त्या हिवाळ्यात एक दिवस दर जरा उतरला आणि बाबांनी शेवटच्या सत्राची अख्खी फी एकदम पाठवून दिली, मुदतीच्या दोन महिने आधी. पुन्हा असा भाव मिळायचा नाही, म्हणाले. आवाजात मोठी खरेदी स्वस्तात पदरात पडल्याचा आनंद होता. बाबांचं हे जुनंच आहे. आधी करून मोकळे होतात नि मग विचारतात. फ्रिज दारात उतरवल्यावर त्यांनी आईला कुठला फ्रिज आवडतो ते विचारलं होतं.

तर ती फी माझ्या खात्यात दोन महिने नुसती पडून राहणार होती. सावधपणानं पाठवलेले पैसे, त्यांनीच मला खड्ड्यात घातलं.

घरातल्या निनादनं मला ते अ‍ॅप दाखवलं. डोंबिवलीचा पोरगा, हुशार, गोड बोलणारा. त्याचं म्हणणं सोपं होतं. इथल्या कायद्यातल्या कंपन्या हातातल्या पैशाच्या तीसपटच सौदा करू देतात, बेटावरच्या पाचशेपट देतात. आणि अनघा, तुमच्या घरी तर रोज डॉलरचंच बोलणं असतं, तुला हे काय कठीण. मला ते पटलं. मला खरंच वाटलं की लहानपणापासून ऐकलेल्या त्या रविवारच्या गप्पा म्हणजे माझं शिक्षण झालेलं आहे. त्याच्या सांगण्यावरून खातं उघडणाऱ्या प्रत्येकामागे निनादला काहीतरी मिळत होतं, ते नंतर कळलं. त्याचा राग आता येत नाही. तोही भाडंच भरत होता.

आधी थोडेसे पैसे माझ्या कार्डावरून टाकले. थोडे वाढले. मुद्दाम परत मागून बघितले, तर तीन दिवसांत आले. झालं, मला वाटलं मी मोजूनमापून खात्री करून घेतली. मग फीची रक्कम टाकायला गेले, तेव्हा माझ्या बँकेनं व्यवहार अडवला आणि एका बाईंचा फोन आला. फार शांत आवाजात त्या विचारत होत्या की ही कंपनी तुम्हाला माहीत आहे का, तुमच्यावर कुणी दबाव आणतंय का. मी हसून नो, नो वरीज म्हटलं. फोन ठेवला, पैसे दीपालीच्या खात्यात टाकले आणि तिला मेसेज केला की एक पेमेंट करायचंय, माझं कार्ड चालत नाहीये. तीन हप्त्यांत तीन कोड आले. तिसऱ्या कोडबरोबर तिनं लिहिलं होतं, भात लावून ठेव गं.

लहानपणी बाबा कारखान्यातून नापास झालेली एखादी पिन घरी आणायचे आणि व्हर्नियर माझ्या हातात द्यायचे. दहा वेळा मोज म्हणायचे. मी जीभ बाहेर काढून मोजायची. आकडे कधी थोडे जास्त यायचे, कधी थोडे कमी. ते ठीक, बाबा म्हणायचे, माणसाचा हात दोन्हीकडे चुकतो. पण दहाच्या दहा जास्तच आले तर हाताला दोष देऊ नकोस, तेव्हा गेज, म्हणजे मोजायचं साधनच, खोटं असतं. आमच्या घरातलं अध्यात्म म्हणावं तर एवढंच.

ती सवय म्हणून मी सौद्यांची एक वही ठेवली. वेळ, बटण दाबताना दिसलेला भाव, प्रत्यक्षात मिळालेला भाव, फरक. असे चार रकाने. दुसरं पान भरलं तेव्हा चौथ्या रकान्याकडे बघून मी पेन खाली ठेवलं. प्रत्येक फरक माझ्या विरुद्ध होता. घेताना थोडा महाग, विकताना थोडा स्वस्त. चुकून एकदाही माझ्या बाजूनं नाही. मला तेव्हाच कळलं होतं. मग मी स्वतःला सांगितलं की सात जण एकाच वायफायवर आहेत, नेट हळू आहे, म्हणून भाव हलतो. स्वतःला पटवण्यासाठी मी त्या दिवसांत जेवढी कारणं शोधली, तेवढी मला प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्येसुद्धा सुचली नाहीत.

तो मंगळवार होता. इथल्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर दुपारी अडीचला जाहीर व्हायचा. युनिच्या लायब्ररीत तळ्याकडच्या काचेशी मी बसले होते. सौदा लावलेला होता आणि खाली मर्यादाही घातली होती, म्हणजे भाव अमुक एका आकड्यापर्यंत पडला की सौदा आपोआप तुटेल आणि तोटा तिथंच थांबेल. अडीच वाजले. पडदा गोठला. घेण्याचा नि विकण्याचा भाव एरवी एकमेकांना चिकटून असतात, ते एकदम लांब झाले, शटर वर ढकलावं तसे. मी पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला, झाकण लावलं. तेवढ्यात माझी मर्यादा ओलांडून बरंच खाली जाऊन सौदा तुटला होता आणि फीचा एक तृतीयांश भाग गेलेला होता. बाहेर तळ्याकाठी बदकं होती. एक मुलगी त्यांना मटार घालत होती. मला कुठलाच आवाज येईना. मी उगाचच त्या बदकांचे पाय मोजत होते.

आजही कुणी भीती म्हटलं की मला अंधार वगैरे आठवत नाही. लख्ख ऊन, हिरवळ आणि मटार आठवतात.

उरलेले पैसे त्याच दुपारी परत मागितले. पैसे भरायच्या पानावर रंगीत चित्रांची रांग होती. कार्ड, बँक, तीन-चार प्रकारची वॉलेटं, क्रिप्टो, ज्याला जी वाट हवी ती. काढायच्या पानावर राखाडी अक्षरात एकच ओळ. पैसे ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं जातील, आणि ती वाट खातेदाराच्याच नावाची हवी. कार्डावर नाव दीपालीचं होतं. दोन दिवसांनी मेल आलं की तुम्ही दुसऱ्याचं कार्ड वापरल्याचं दिसतं. कार्डधारकानं पासपोर्ट आणि कार्ड चेहऱ्याशेजारी धरून फोटो पाठवावा, सात दिवसांत, नाहीतर खातं गोठवण्यात येईल. युनिची मुदत तीन आठवड्यांवर होती. फी गेली नाही तर नाव कमी होणार, नाव कमी झालं की व्हिसा जाणार. आणि चिंचवडला वहीत तो सोन्यासारखा दर लिहून बसलेले बाबा.

चार दिवस मी दीपालीला काही सांगितलं नाही. तिच्यासमोर चहा प्यायले, तिची धुतलेली भांडी पुसली. युनिच्या बसथांब्याकडे जाताना एक मॅगपाय रोज माझ्यावर झेपावायचा. तो येण्याआधी फक्त पंखांचा फर्र असा आवाज व्हायचा, मानेच्या अगदी जवळ. एकदा मी दप्तर डोक्यावर धरून खाली बसलेच. कुत्र्याला फिरवणारी एक म्हातारी थांबली आणि म्हणाली की त्याच्याकडे तोंड करून चालत राहा, पाठ दाखवू नकोस. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून रस्ता बदलला.

सांगितलं ते धाडसानं नाही, सात दिवसांतले चार संपले म्हणून. दीपाली शिफ्टवरून आली होती, अजून कामाच्या कपड्यांतच होती. मी सगळं एका दमात सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"अनघा," ती म्हणाली, "माझं नाव कुठल्या देशात गेलंय, तेवढं तरी सांगशील?"

मला त्या बेटाचं नाव पाठ होतं, पण ते कुठं आहे ते माहीत नव्हतं. तिच्यासमोर मी फोनवर नकाशा उघडला आणि शोधत राहिले. निळ्या पाण्यात एक ठिपका होता, तो मोठा करत गेले तर नुसतं निळं पाणीच मोठं होत गेलं. दीपाली बघत होती. पीआरच्या कागदांत तिनं नाशिकच्या शाळेच्या दाखल्यापासून सगळं जपून लावलं होतं. त्या फाइलच्या वर आता हे येऊन बसलं होतं.

फोटो परसात काढला, उजेड चांगला हवा म्हणून. कपडे वाळत घालायच्या तारांखाली ती उभी राहिली. एका हातात पासपोर्ट, दुसऱ्या हातात कार्ड, दोन्ही गालांशी धरलेली. तिचे ओठ पांढरे पडले होते. पहिला फोटो कंपनीनं परत पाठवला, अस्पष्ट आहे म्हणून. दुसराही. दोन्ही मीच काढले होते. तिसऱ्या वेळी तिनं फोन कुंपणाच्या खांबावर टेकवला, टायमर लावला आणि म्हणाली, तू बाजूला हो.

मग वाट बघणं. मी युनिच्या ऑफिसात जाऊन हप्ते पाडून मागितले, कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात मिळतील तेवढ्या शिफ्ट घेतल्या. कांदा चिरताना फोन वाजला की सुरी खाली ठेवून आधी भिंतीला टेकायची. रविवारी बाबांनी डॉलरचं विचारलं की मी आकडा सांगायची. फी भरली ना, असं त्यांनी एकदाच विचारलं. मी हो म्हटलं. इतक्या सहज म्हटलं, की त्या सहजपणाचीच मला भीती वाटली.

मुदतीच्या दोन दिवस आधी दीपालीच्या खात्यात पैसे आले. खरं सांगते, तो मेसेज वाचल्यावर पहिला विचार काय आला असेल, तर आता ते तिच्या नावावर आहेत, ती देईल का. जिनं कशासाठी तेही न विचारता कोड दिले होते, तिच्याबद्दल. तो विचार पुरा व्हायच्या आत माझ्या फोनवर रक्कम आली. सोबतच्या रकान्यात तिनं एकच शब्द लिहिला होता, फी.

त्यानंतर त्या घरात कुणी कुणाचं कार्ड वापरलं नाही. दीपालीनं तसं सांगितलं नाही, आपोआपच बंद झालं. प्रत्येकाच्या दुधाच्या बाटलीवर नाव आलं. सत्र संपल्यावर ती सिडनीला गेली. पीआर झाल्याचं तिनं ग्रुपवर टाकलं तेव्हा मी खुर्चीत बसून हमसून रडले. दिवाळीला मी तिला मेसेज करते, तिचं उत्तर येतं, हात जोडलेलं चित्र. त्यापुढे जायची माझी हिंमत होत नाही.

आज सकाळी फिरायला निघायच्या आधी मी कपाटातून ती वही काढली. मागच्या पायरीवर बाबा बूट घालत होते. वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि एवढंच म्हटलं की बघा. त्यांनी चष्मा लावला. पहिलं पान, दुसरं पान. चौथ्या रकान्यावरून बोट खाली खाली येत होतं. तेहतीस वर्षं ज्या बोटानं आकडे तपासले, ते बोट.

"सगळी चूक एकाच बाजूला," ते म्हणाले. "गेज खोटं आहे हे. कुणाची वही?"

त्यांनी शेवटचं पान उलटलं. तिथं भरलेली रक्कम होती नि तारीख. दराची वही ठेवणाऱ्या माणसाला ती तारीख विसरणं शक्य नव्हतं. त्यांनी त्या तारखेवर बोट टेकवलं. कुंपणावर एक मॅगपाय येऊन बसला होता, मान वाकडी करून आमच्याकडे बघत होता.

"हे मी पाठवलेले."

"हो."

मला वाटलं होतं ते रागावतील. रागवायला हवे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावलाच नाही. मग, बूट अर्धवट घातलेल्या पायाकडे बघत, ते हळूच म्हणाले, "अनू, मी निघायच्या आधीच भरलेत. घराच्या दुरुस्तीची एफडी मोडली. माझ्या बँकेनं अडवलं गं. मग जोश्याच्या कार्डावरून केलं."

जोशीकाका आमच्या खालच्या मजल्यावरचे. कारखान्यात बाबांच्या शेजारच्या टेबलावर होते, ताईच्या लग्नात त्यांनी मांडव सांभाळला होता. मी विचारलं, काकांना काय सांगितलंत. बाबांनी ओठ पुसले.

"अनूला पाठवायचेत म्हटलं."

वॉटलचा वास परसभर होता. माझ्या मानेवर काटा आला, पण या वेळी बाबांच्या मानेवरही दिसला. पांढऱ्या केसांखाली, टोपीच्या मागे उलट्या लावलेल्या गॉगलच्या खाली. आम्ही फिरायला गेलो नाही. तिकडे चिंचवडला पहाटेचे साडेतीन वाजले असतील, काका सहाला उठतात. म्हणजे इथले साडेदहा. मी चहा केला, तो निवला, दुसरा केला. काय काय लागेल ते मी सांगत गेले. काकांचा पासपोर्ट, कार्ड, चेहरा, चांगला उजेड. बाबा ऐकत होते आणि मध्येच विचारत होते की जोश्या काय म्हणेल. मी कप विसळायला घेतले.

साडेदहाला त्यांनी नंबर लावला आणि फोन माझ्यापुढे केला. तूच बोल म्हणाले, तुझं ऐकेल तो.

"नाही बाबा, तुम्हीच सांगा. मी इथंच बसलेय."

रिंग वाजायला लागली. बाबांनी दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं, रस्ता ओलांडताना मी त्यांचं धरायची तसं घट्ट. तिकडून काकांचा झोपेनं जड झालेला, खुशीतला आवाज आला, "काय रे, पोचले का पैसे अनूला?"